तातडीच्या सभेची पोच

आनंदराव गजघाटे गेले त्याच्या बाराव्या दिवशी, सकाळी आठच्या सुमाराला, सिमेंटच्या खांबांनी भरलेला ट्रॅक्टर गावाच्या आखरावर येऊन उभा राहिला.

खैरटोल्याच्या पूर्वेला ही मोकळी जागा. पूर्वी इथे गुरं गोळा व्हायची. गुरं कमी झाली तशी जागा ओस पडली, आणि नऊ वर्षांपूर्वी बायकांच्या बचत गटानं तिथे मिरचीचे देठ खुडायचा सातरा सुरू केला. थंडी ओसरू लागली की शेतांमधून लाल मिरची यायची, ढीग पडायचे, आणि अठ्ठावीस बायका ओळीनं बसून देठ खुडायच्या. नाकातोंडाला फडकं, डोक्यावर पदर, डोळे तेवढे उघडे. कोणी शिंकली की सगळी ओळ शिंकायची.

भावना तेव्हा वडिलांची सायकल धरून तिथेच उभी होती. नागपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोकरीला. बाबांच्या मातीला आली ती रजा वाढवत राहिली होती. बाबा पेपरचे वार्ताहरही होते आणि विक्रेतेही. पाचव्या दिवसापासून पेपर वाटायचं काम तिनं उचललं होतं. सहाच्या एसटीतून गठ्ठा पडायचा, त्यावर अजून बाबांचंच नाव. बेचाळीस घरं करून ती शेवटी आखरावर यायची आणि आईला चहाची बाटली द्यायची.

“बायांनो, सरका जराशा,” ट्रॅक्टरवाला वरूनच म्हणाला. “खांब उतरवाचे हायेत.”

“काहून गा?” बायजाबाईनं हातातली मिरची न सोडता विचारलं. “तुयं लगन हाय का इथं? मांडव टाकून राह्यला?”

“कुंपन घालून राह्यलो. कोल्ड स्टोरेज होनार हाय. नागपूरच्या शेठले देल्ली जागा.”

“कोनं देल्ली?”

“पंचायतीनं. ठराव झाला म्हनते.”

“कवा झाला? आमी काय मेलो होतो?”

बोलून झाल्यावर बायजाबाईच्या लक्षात आलं. तिनं शेजारी बसलेल्या भावनाच्या आईकडे, शोभाताईकडे पाहिलं.

“तुले नाही म्हटलं वं, शोभा.”

“खुड तू,” शोभाताई म्हणाल्या.

खांब उतरत होते. एकेक खांब पडला की मिरचीची धूळ उठायची. भावनानं सायकल वळवली आणि पंचायतीकडे निघाली.

पंचायतीचा सचिव सुमंत तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस होता. तिला पाहताच तो खुर्चीवरून अर्धा उठला. “या, या. तुमच्या वडिलांसारखा माणूस पुन्हा होणे नाही,” तो म्हणाला.

“आखराचा ठराव कोणत्या सभेत झाला?”

“तातडीच्या सभेत. तेरा तारखेला, शुक्रवारी. शेठजींचा प्रस्ताव त्या दिवशी गेला नसता तर अनुदानाची मुदत संपत होती.”

“आणि वार्ताहराला कळवलं?”

 सुमंतनं हाक मारली, “भैय्याजी, पोचवही आणा.”

भैय्याजी पंचायतीचा शिपाई. वय साठीला टेकलेलं, टायरच्या चपला, खांद्यावर दुपट्टा. आनंदरावांना पहिला खांदा त्यानंच दिला होता. त्यानं वही टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे न पाहता दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

या वहीमागे एक जुनी गोष्ट होती. अठरा वर्षांपूर्वी पंचायतीनं अशाच एका तातडीच्या सभेत विहारामागची जागा तेव्हाच्या सरपंचाच्या साळ्याला देऊन टाकली. गावाला कळलं ते सभा झाल्यावर. आनंदरावांनी लागोपाठ सहा बातम्या दिल्या, तालुक्याहून चौकशी आली, जागा परत मिळाली. मग पंचायतीनं कानाला खडा लावून ठराव घेतला: तातडीची सभा बोलवायची तर एक दिवस आधी वृत्तपत्राच्या वार्ताहराला लेखी कळवावं, पोचवहीत सही घ्यावी, पोच नसेल तर सभा कायदेशीर धरू नये. त्या ठरावाची प्रत लॅमिनेशन करून आनंदरावांनी घरात टांगली होती. पोचवहीत सही केली की ते खाली वेळ लिहायचे, मिनिटासकट. “वेळ लिवली का एक दिवस मोजता येते,” असं म्हणायचे.

भावनानं पान उघडलं. सूचनेवर तारीख बारा, गुरुवार. विषय दोनच होते. पहिला, गावाचे ज्येष्ठ वार्ताहर आनंदराव गजघाटे यांच्या निधनाबद्दल शोकप्रस्ताव. दुसरा, आखराची जागा तीस वर्षांच्या भाड्यानं देणे. आणि समोर पोच म्हणून सही होती. आनंदराव गजघाटे. ‘घ’ला खालून शेपूट, बाबा काढायचे तशीच. खाली वेळ नव्हती.

बाबा सोमवारी पहाटे गेले होते. मंगळवारी माती झाली होती.

तिनं तीनदा वाचलं. मेलेल्या माणसानं आपल्याच शोकसभेची सूचना सही करून घेतली होती.

“मला याची प्रत हवी,” ती म्हणाली.

“अर्ज द्या. देतो ना,” सुमंत म्हणाला.

बाहेर भैय्याजी भिंतीला टेकून उभा होता.

“काका, ही सही कोणी केली?”

भैय्याजीनं दुपट्ट्यानं मान पुसली. “ऊन लय चढून राह्यलं, पोरी. घरी जाय,” एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी शोभाताई घरी आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते. त्या ओसरीवर बसल्या आणि ताकाच्या गंजात दोन्ही हात बुडवून राहिल्या. मिरचीनं बोटांची कातडी झिजून गुळगुळीत झाली होती. रेशनच्या मशिनीवर त्यांचा अंगठा दोन वर्षांपासून लागत नव्हता. आनंदराव जाऊन आपला लावून यायचे. या महिन्याचं रेशन अजून आणलंच नव्हतं.

भावनानं सगळं सांगितलं. सूचना, तारीख, शेपटाचा ‘घ’.

“बाबाची खोटी सही केली, आई. इतकी हुबेहूब, की बाबालाही ओळखू आली नसती. पण वेळ लिहायला विसरले. मी सोडत नाही त्यांना. पोच खोटी ठरली की सभा रद्द, सभा रद्द की ठराव रद्द.”

शोभाताईंनी ताकातले हात हलवले नाहीत.

“जागा वापस भेटन?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“भेटलीच पाहिजे. बाबाचाच ठराव आहे.”

“हूं,” शोभाताई म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी अर्धी भाकर खाल्ली आणि अर्धी टोपलीत परत ठेवली.

भावनानं तालुक्याला गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. सोबत मृत्यूचा दाखला, ठरावाची प्रत, पोचवहीच्या पानाची प्रत. मग पेपरच्या नागपूर कार्यालयात फोन लावला. तिकडचा उपसंपादक आनंदरावांना ओळखत होता. तो हळहळला आणि म्हणाला, “पण ताई, तुम्ही स्वतःच यात पार्टी आहात. निकाल लागू द्या, चार ओळी घेऊ. आणि हो, तिकडे कोणी नवा माणूस असेल तर सुचवा.”

आठ दिवस असेच गेले. आखरावर खांबांचा ढीग तसाच होता आणि बायका त्याच्या सावलीत बसून देठ खुडत होत्या. भावना सकाळी पेपर वाटायची आणि मग आईशेजारी बसायची. पहिल्याच दिवशी तिच्या नखांच्या कडा पेटल्या, दुसऱ्या दिवशी डोळ्याला हात लागला आणि तासभर काही दिसेना. बायजाबाईनं तिच्या डोळ्यांवर पाणी मारलं.

“बुकं वाचाचा डोया हाय तो. याच्यापुढं नाही टिकत,” ती म्हणाली. मग आवाज खाली करून, “कोनं केली वं सही? भैय्याजीनं?”

“दुसरं कोण? वही त्याच्याकडेच असते.”

“मुडदा बशिवला त्याचा. तुया बाबाच्या घरचं किती खाल्लं त्यानं.”

“माणसाच्या मागं बोलू नोको,” शोभाताई मध्येच म्हणाल्या. ओळीतल्या बायका त्यांच्याकडे पाहू लागल्या. त्यांनी टोपलं उचललं आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. त्यानंतर भैय्याजी पंचायतीचा पेपर घ्यायलाही दारात आला नाही. भावना त्याच्या अंगणात पेपर टाकायची, दार बंद असायचं.

सुनावणीला भावना एकटीच जाणार होती. पण सकाळी पाहते तर आई विहारात नेसायचं पांढरं लुगडं नेसून तयार.

“तुझा रोज बुडेल,” भावना म्हणाली.

“बुडू दे.”

गटविकास अधिकारी मॅडम वयानं भावनाएवढ्याच होत्या. खोलीत पंखा आवाज करत फिरत होता. एका बाजूला सरपंच गोपाळराव आणि सुमंत खुर्च्यांवर बसले होते, भैय्याजी भिंतीशी उभा. दुसऱ्या बाजूला भावना आणि शोभाताई. शोभाताई खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या होत्या.

मॅडमनी मृत्यूचा दाखला पाहिला, पोचवही पाहिली. विषय क्रमांक एक वाचला आणि सहीवर बोट ठेवलं.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं. “ज्यांचा शोकप्रस्ताव, त्यांचीच पोच?”

कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला. गोपाळराव खाली पाहू लागले.

“मॅडम, सूचना वार्ताहराच्या पत्त्यावर पाठवायची असते. आम्ही पाठवली,” सुमंत म्हणाला. “सही आणायचं काम शिपायाचं. त्यांनी काय केलं ते त्यांनाच विचारा.”

“वेळही लिहिलेली नाही,” भावना म्हणाली.

“वेळ लिहावी असं ठरावात नाही, मॅडम. ते आनंदराव आपल्या हौसेनं लिहायचे.”

मॅडम भैय्याजीकडे वळल्या. “ही सही तुम्ही केली?”

भैय्याजी जमिनीकडे पाहू लागला.

“कोणी केली मग?”

तो जमिनीकडे पाहत राहिला.

“बनावट सही हा गुन्हा आहे, कळतं ना? नोकरी तर जाईलच, पोलीस केसही होईल. शेवटचं विचारते.”

“मले काही म्हनाचं नाही, साहेब,” भैय्याजी म्हणाला.

मॅडमनी कागद पुढे ओढला आणि लिहायला सुरुवात केली. भावना समोरच होती. उलट्या बाजूनंही तिला अक्षरं लागत होती. ‘सबब सदर पोच ग्राह्य धरता येत नाही व दिनांक तेरा रोजीची सभा—’ पुढचे दोन शब्द उतरले की आखर परत मिळणार होतं.

“मी केली,” शोभाताई म्हणाल्या.

पेन थांबलं.

“आई, काय बोलतेस?”

“त्यानं नाही केली, बाई,” शोभाताई उभ्या राहून मॅडमला सांगू लागल्या. “मीनं केली. मालकाची सही मीच करतो. हे पेपर वाटाले निघून जात, भैय्याजी कागद घेऊन दारात उभे राहत. मंग त्याइनंच शिकवलं. म्हने, शोभा, तू माया नावाची सही शिक, मानसाचा खोळंबा नोको. पंधरा-सोळा वर्सं झाली.”

“लिहून दाखवा,” मॅडमनी कोरा कागद पुढे केला. “आधी तुमचं नाव लिहा.”

“मायं नाव नाही येत. त्याइचंच येते.”

त्यांनी पेन मुठीत धरलं, दुसऱ्या हातानं कागद दाबला आणि लिहू लागल्या. खोलीतले सगळे पाहत होते. आनंदराव. मग थोडं थांबून गजघाटे. ‘घ’ला खालून शेपूट. शेपूट काढताना त्यांची जीभ किंचित बाहेर आली होती.

भावना नववीत असताना तिनं आईला पाटीवर ‘शोभा’ लिहायला शिकवलं होतं. महिनाभर खटपट करून सोडून दिलं होतं. आई म्हणाली होती, “मले त्याचं काय काम पडते?” आई बाबांचं नाव लिहिते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

मॅडमनी दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या.

“त्या दिवशी कशाची सही करता ते माहीत होतं?”

“भैय्याजी म्हनाले, आनंदरावच्या शोकसभेचं हाय. मले वाटलं, चांगलं काम हाय. त्याइच्याच नावाचं हाय. केली.”

सुमंतनं खाकरून घसा साफ केला. “म्हणजे मॅडम, सूचना एक दिवस आधी वार्ताहराच्या घरी पोहोचली. घरातल्या सज्ञान व्यक्तीनं, प्रत्यक्ष पत्नीनं, स्वीकारली. गेली पंधरा वर्षं याच पद्धतीनं स्वीकारली जात होती. बनावटीचा प्रश्न येतो कुठे?”

“पण वार्ताहरच जिवंत नव्हता,” भावना म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “कळवायचं कोणाला होतं? बातमी कोण देणार होतं?”

“पेपरनं दुसरा माणूस नेमल्याचं आम्हाला कळवलं नाही,” सुमंत म्हणाला. “आमच्या दप्तरी आजही त्यांचंच नाव आहे.”

 मॅडमनी आधीच्या दोन ओळींवर रेघ मारली.

“पोच झालेली दिसते,” त्या म्हणाल्या. “अर्ज निकाली काढते. तुम्हाला वर अपील करता येईल.” आणि शोभाताईंकडे पाहून, जरा मऊ आवाजात, “मावशी, दुसऱ्याच्या नावाची सही करू नये. यापुढे लक्षात ठेवा.”

शोभाताईंनी हात जोडले.

बाहेर सरपंचांच्या गाडीत जागा होती, पण भैय्याजी तिच्यात बसला नाही. तो बस थांब्यावर येऊन या दोघींपासून चार हात दूर उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं.

“सचिवानं सांगतलं मले,” भैय्याजी शेवटी म्हणाला. “वहिनीची सही आन, ते करते, मले मालूम हाय म्हने. शोकसभा हाय म्हने. मले कुठं वाचता येते, पोरी. तुया बाबाची शोकसभा, म्हून मी पयत पयत आलो.”

“मग आत का नाही सांगितलं?”

“वहिनीचं नाव माया तोंडातून कसं निघन?”

भावना आईकडे वळली. “आणि तू? तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“होतं.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तू म्हने, सही खोटी निघाली का जागा भेटते. मले वाटलं, भेटत असन तं भेटू दे. मी गप राह्यली.” शोभाताईंनी पदर डोक्यावर ओढला. “पन त्या मानसाले जेलात धाडाले निघाल्या तुमी. तुया बाबाले खांदा देल्ला त्यानं. आखरासाठी तेवढं नाही होत माह्याच्यानं.”

बस आली. भैय्याजीनं दोघींना पुढे चढू दिलं आणि स्वतः मागच्या दारानं चढला.

भावनानं चार ओळी लिहून पेपरला पाठवल्या. छापून आलं ते दोन ओळींत, आतल्या पानावर: खैरटोल्यात शीतगृह होणार, परिसरातील शेतकऱ्यांना दिलासा. तो पेपरही तिनंच बेचाळीस घरी टाकला.

सोमवारी खांब उभे राहिले, मंगळवारी तारा ताणल्या. बायकांनी बुधवारी मिरची पोत्यांत भरली. गुरुवारपासून त्या पहाटे पाचला जीपमध्ये कोंबून पंधरा कोसांवरच्या एका व्यापाऱ्याच्या सातऱ्यावर जाऊ लागल्या. बायजाबाई पहिल्याच दिवशी परत आली ती म्हणाली, “तिथं पाय पसराले जागा नाही वं. मुताले जाची पन पर्मिशन घ्या लागते.”

कोणी शोभाताईंना काही बोललं नाही. जीपमध्ये त्यांच्या शेजारची जागा मात्र शेवटी भरायची.

भावनाची रजा संपली. ती निघायची त्या रविवारी जीप नव्हती. शोभाताई ओसरीवर बसून घरच्यापुरती थोडी मिरची खुडत होत्या. सकाळी सातच्या सुमाराला भैय्याजी अंगणात आला. काखेत पोचवही होती.

“जय भीम, वहिनी.”

“जय भीम. बसा.”

तो बसला नाही. त्यानं वहीतून एक टाईप केलेला कागद काढून भावनाकडे दिला. “सचिवानं धाडलं. घरच्यायले द्या लागते म्हने.”

शोकप्रस्तावाची प्रत होती. भावनानं मोठ्यानं वाचली. ‘आनंदराव गजघाटे यांच्या निधनाने ग्रामपंचायतीच्या पारदर्शक कारभाराचा एक साक्षीदार हरपला आहे. ही सभा दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून त्यांना श्रद्धांजली अर्पण करीत आहे.’ कागद पातळ होता. पाठीमागचा ठराव क्रमांक दोन आरपार दिसत होता.

भैय्याजीनं वही उघडून ओसरीच्या कठड्यावर ठेवली आणि पेन शोभाताईंच्या पुढे धरलं. धरल्यावर त्याचा हात तसाच राहिला.

“पोच पाह्यजे म्हने,” तो पुटपुटला.

शोभाताईंनी पेनाकडे पाहिलं. हातातली मिरची टोपल्यात टाकली.

“मले लिहिता येत नाही, भैय्याजी,” त्या म्हणाल्या.

 भैय्याजीनं खिशातून शाईची डबी काढली आणि झाकण उघडून कठड्यावर ठेवली. शोभाताईंनी अंगठा लुगड्याला पुसला, शाईत बुडवला आणि वहीवर, त्यानं बोट ठेवलं तिथे, दाबून धरला.

कागदावर निळा गोळा उमटला. रेघ एकही नव्हती.

भावनानं पेन घेतलं. घड्याळ पाहिलं. त्या निळ्या गोळ्याखाली वेळ लिहिली: सकाळी ७ वाजून १० मिनिटे.